दहा-अकराचा पाना

मोटारीला बंदच पडायचं होतं, तर कुठंही पडावं. पण ती नेमकी बोथ फाट्यावर, मारोतरावांच्या गॅरेजसमोर पडली... आणि सुनयनाच्या डोक्यातला घोळ तिथूनच सुरू झाला.

मोटार आजोबांच्या वयाची. पुण्याचे तीन कॉलेजकुमार तिच्यातून कन्याकुमारीहून थेट लंडनला निघालेले, ऐकू न येणाऱ्या लेकरांच्या कानमशिनींसाठी मदत गोळा करत. दोघं चहाला गेले. तिसरा, वैभव, तिथंच थांबला. मारोतराव उटनूरला गेलेले, म्हणून पाना लेकीच्या, सुनयनाच्या हाती.

"तुम्ही दुरुस्त करणार?"

"काऊन? तुमच्या मोटारीले चालत नाही का?"

तो हसला आणि उगाच खाली बघू लागला. आता याला काय म्हणावं?

डायनामोचा बोल्ट सैल झाला होता. अर्ध्या तासाचं काम, सुनयनाला दोन तास लागले. आवळलेला बोल्ट तिनं पुन्हा सैल केला. नीट आवळावा, तर हा जाणार. ढिला ठेवावा, तर कुठल्या परक्या डोंगरात अडकणार... आपण काय करून राह्यलो, तिचं तिलाच कळेना.

शेवटी तिनं बोल्ट गच्च आवळला. मोटार सुरू झाली. तिला बरंही वाटलं आणि रडूही आलं. तो आवडला होता, बस.

"मदत करणाऱ्यांची नावं आम्ही दारावर लिहितो," वैभवनं निळ्या रंगाचा ब्रश पुढं केला.

तिनं लिहिलं.

"लंडनला कुणी विचारलं, ही सुनयना कोण, तर?"

"सांगा, मेकॅनिक हाय."

"ते अर्धंच खरं झालं..."

"मंग बाकीचं अर्धं काय?"

"ते सांगायला परत येईन. चालेल?"

गॅरेजातला पाना उंबऱ्याबाहेर जाणार नाही, सरपंचानं मागितला तरी नाही, हा मारोतरावांचा कायदा. सुनयनानं त्या बोल्टाला बसणारा दहा-अकराचा पाना पुसला आणि त्याच्या हातात ठेवला.

"बोल्ट सैल झाला तर लागन. पन वापस आनून द्या."

"मीच आणीन," तो म्हणाला.

संध्याकाळी मारोतराव हत्यारं खिळ्यांना लावत होते. एक खिळा रिकामा राहिला.

"सुनू, दहा-अकराचा कुठं हाय?"

"दिला, बाबा."

"कोनाले?"

"येऊन राह्यला वापस... लंडनवरून."

मारोतराव लेकीच्या बोटांवरच्या निळ्या रंगाकडे बघत राहिले. मग नवा पाना घ्यायची गोष्ट न काढता म्हणाले, "मंग त्या खिळ्याले दुसरं काही लावू नको."