डाव्या बाजूला बोललेलं वाक्य

अकराच्या पेशंटला मी बूथमध्ये बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि रोजचं वाक्य म्हटलं, "बारीक आवाज येतील. ऐकू आला की दाबायचं. शंका आली तरी दाबायचं."

त्याने मान डोलावली. काचेच्या अलीकडे बसून मी एकेक सूर सोडत गेले... उजवा कान झाला, डावा झाला. आलेख पट्टीने आखल्यासारखा सरळ. असे ठणठणीत कान आमच्या दवाखान्यात सहसा येत नाहीत. गंमत एवढीच, की मी काहीच न वाजवता थांबले की तो हमखास बटण दाबायचा आणि काचेतून माझ्याकडे बघायचा.

दार उघडून मी विचारलं, "काही वाजत नव्हतं तेव्हा का दाबलंत?"

"तुम्हीच म्हणालात, शंका आली तरी दाबा." तो हेडफोन काढत म्हणाला. "मला सारखी शंका येत होती."

"कसली?"

"मी दाढ दाखवायला आलोय. ती कधी बघणार, याची."

दातांचा दवाखाना जिन्याच्या समोरच्या दाराला होता. मी कपाळाला हात लावला. "अहो, मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, हल्ली आधी कान बघत असतील. आणि तुम्ही इतक्या गोड आवाजात सांगितलंत, की—" तो अडखळला. "म्हणजे... स्पष्ट आवाजात."

मला हसू आवरेना. निघताना तो दारात पुन्हा वळला. "आलोच आहे तर विचारतो. पुढच्या महिन्यात शहरात हेवी रॉकची कॉन्सर्ट आहे. मित्राबरोबर चाललोय. कानांना काही होईल का?"

"होईल. आणि तुमचे कान इतके छान आहेत, की मला वाईट वाटेल."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. मग सावरून घेत मी म्हणाले, "मापाचे प्लग करून देते. गाणी ऐकू येतात, इजा होत नाही."

तर असा तो पुन्हा आला, कानाचं माप द्यायला. कानात गुलाबी लगदा भरला की पाच मिनिटं गप्प बसायचं असतं. त्याला स्वतःचंही ऐकू येत नव्हतं, तरी गडी बोलतच होता. जमिनीची मोजणी करतो म्हणाला. रस्ता असो की पूल, बांधायच्या आधी तिथे त्याची तिपाई आणि दुर्बीण उभी. "मला अंदाजाने काही जमत नाही," तो जरा मोठ्यानेच म्हणाला. "सगळं मोजून लागतं."

तिसऱ्यांदा प्लग न्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. मित्राची बदली झाली होती आणि एक तिकीट उरलं होतं.

"तुम्हाला असला धांगडधिंगा आवडत नसेल..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं.

आवडतो. फार आवडतो. लहानपणी दादाच्या खोलीत गुडघ्याएवढे दोन स्पीकर होते. दादा गाणी लावायचा आणि मी जमिनीवर बसून स्पीकरला पाठ टेकायचे. ड्रम कानातून नाही, मणक्यातून आत यायचे. सातव्या वर्षी गालगुंड झालं आणि माझा डावा कान कायमचा गेला. तेव्हापासून पाठीने ऐकलेली ती गाणी मला सगळ्यात जवळची.

पण हे घरच्यांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. कान तपासणारीचाच एक कान बंद, हे सांगायचं तरी कसं? मी माणसांना गुपचूप उजव्या बाजूला ठेवायचे. टेबलाची कडेची खुर्ची धरायचे. गर्दीत मात्र ही कसरत जमत नाही. कॉलेजात कुणीतरी डावीकडून हाक मारली, मी वळले नाही, आणि पुढची दोन वर्षं मी 'भाव खाणारी' ठरले. तेव्हाच ठरवलं होतं, गर्दीच्या वाटेला जायचं नाही.

आणि तरी मी म्हणाले, "येईन."

मग सुरू झालं प्लॅनिंग. दुपारच्या सुट्टीत समोरच्या कॉफीच्या दुकानात तो आलेखाचा कागद पसरायचा. त्यावर हॉलचा नकाशा. फाटकं, खांब, स्वच्छतागृह, स्टेजपासूनचं अंतर, सगळं सेंटिमीटरात.

"इथे उभं राहिलो तर आवाज मागच्या भिंतीवरून परत येईल," तो पेन्सिलीने दाखवायचा. "इथे उंच माणसं असतील."

"उंच माणसं कुठे असतील हेसुद्धा मोजलंत?"

"तुमची उंची मोजली नाही अजून. पण साधारण... माझ्या खांद्याएवढी."

"अंदाजाने काही जमत नाही म्हणाला होतात."

तो कॉफीत बघून हसला. मी कपात बघून हसले. कॉफी दोघांचीही गार झाली.

घरी वहिनीने दोन दिवसांत सुगावा काढला आणि कपाटाच्या तळातून आपलं काळं लेदरचं जॅकेट ओढून माझ्या अंगावर टाकलं. "बघतेस काय? लग्नाआधी मीही काही कमी नव्हते." बाह्या किंचित लांब होत्या. दुमडल्यावर झकास दिसलं.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि शनिवारच्या कॉन्सर्टआधीचा सोमवार आला. कॉफी पिऊन आम्ही बाहेर पडलो. रस्त्यावर वाहनांची ही रीघ. एक ट्रक अगदी अंगावरून गेला, तसा तो चटकन माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये आला. काळजीनेच आला... पण आला डावीकडे. चार पावलं चाललो. तो थांबला तेव्हा मी वळून पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते आणि तो माझ्याकडे टक लावून बघत होता. काहीतरी बोलून झालं होतं.

वीस वर्षं जे करत आले तेच मी केलं. गोड हसले आणि म्हणाले, "बघू या." वर हेही म्हणाले, की आज बसला फार गर्दी दिसतेय.

"हो," तो म्हणाला. "आहे खरी."

मंगळवारी तो आला नाही. बुधवारी काउंटरवर एक पाकीट होतं. आत दोन्ही तिकिटं आणि चिठ्ठी. 'तुमचा हिरमोड व्हायला नको. वहिनींना घेऊन जा. खांबाच्या उजवीकडे उभ्या राहा, तिथून छान दिसतं.'

संध्याकाळी वहिनी भांडी विसळत होती. मी ओट्याला टेकून सगळं सांगितलं.

"पण तो बोलला काय?"

"ऐकूच आलं नाही गं."

"मग जाऊन विचार." तिने नळ बंद केला. "कान नसेना का एक, तोंड तरी धड आहे ना तुला?"

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी, त्याच्या बोलण्यात सारखा यायचा त्या नदीवरच्या नव्या पुलाच्या कामावर गेले. तो दुर्बिणीला डोळा लावून उभा होता. मला पाहिलं आणि हातातली वही खाली पडली. ती उचलायचं त्याला सुचलं नाही.

"तिकिटं परत करायला आलात?"

"नाही. इकडे या. असे नाही, या बाजूला." मी त्याला उजवीकडे उभं केलं. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. अजिबात नाही. सात वर्षांची असल्यापासून. सोमवारी तुम्ही जे बोललात, त्यातला एक शब्दही माझ्यापर्यंत पोचला नाही."

तो बघतच राहिला. "म्हणजे ते 'बघू या'...?"

"लाज वाटली, म्हणून फेकलेलं उत्तर होतं."

"आणि मी तीन दिवस..." तो मटकन विटांच्या ढिगावर बसला. "कान तपासता तुम्ही आणि—"

"हो. हसायचं तर हसून घ्या."

तो हसला नाही. मग म्हणाला, "सांगितलं का नाहीत? मी रोज बाजू बघून बसलो असतो."

इतक्या साध्या वाक्याने माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी म्हणाले, "लोक या कानाने ऐकतात, त्या कानाने सोडून देतात. माझं तसं नाही. आत गेलेलं बाहेर पडायला दुसरा दरवाजाच नाही. तेव्हा काय ते जपून बोला."

तो उठला, कपडे झटकले, उजव्या बाजूची जागा पुन्हा एकदा नीट पाहून घेतली आणि म्हणाला, "मी म्हणालो होतो, की शनिवार संपला तरी हे संपू नये असं वाटतं. रोज दुपारी तुमच्यासमोर बसावं. नकाशा नसला तरी." त्याने घसा खाकरला. "म्हणजे... तुमच्यात जीव गुंतलाय माझा."

मागे सिमेंट कालवायचं यंत्र घरघरत होतं. तरी मला अक्षरन् अक्षर ऐकू आलं.

"शनिवारी सांगते," मी म्हणाले. थोडी मजा घ्यायचा मलाही हक्क होता.

शनिवारी हॉलमधले दिवे गेले आणि पहिला ड्रम वाजला तो तळपायांतून वर चढला... गुडघे, पोट, मणका. गिटारचा असा काही लोंढा आला, की हजार माणसांत कुणाला कुणाचं ऐकू येईना. सगळे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते आणि मान हलवत होते. त्या गर्दीत सगळेच माझ्यासारखे झाले होते, फक्त ओठ वाचायचा सराव एकट्या मला होता. त्याने काहीतरी विचारलं. पुढचे दोघे वळून 'काय?' म्हणाले. मी मान हलवली, पाणी नको होतं मला.

मी इतकी नाचले, की जॅकेटच्या दुमडलेल्या बाह्या कधी सुटल्या कळलं नाही. तो नाचत नव्हता, जागेवर उभा राहून ताल मोजत होता. शेवटच्या गाण्याला मी त्याचा हात धरून ओढलं. मग नाचला... अगदी वाईट नाचला. मला तो फार आवडला.

बाहेर बारीक भुरभुर होती. बसथांब्याच्या बाकावर तो न सांगता माझ्या उजवीकडे बसला. केस ओले, चेहऱ्यावर लहान मुलासारखं समाधान.

"उद्या काय करतोयस तू?" मी विचारलं.

तो रस्त्याकडे बघत होता. हळूच वळला. "काय म्हणालात?"

"नीट ऐकलंस. तुझे कान मी स्वतः तपासलेत."

"'तू' म्हणालात मला."

"म्हणाले."

"म्हणजे हे... उत्तर?"

"हो."

त्याचा गार, ओला हात बाकावरून सरकत आला आणि माझ्या लांब बाहीत शिरला. बस आली, थांबली, दार उघडलं. ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनीही मान हलवली, तसा तो दार लावून निघून गेला. पुढची बस वीस मिनिटांनी होती.