कुणाच्या लग्नाची गोधडी

इद्वल शिंप्याच्या दुकानामागे चिंध्यांचं पोतं उघड्यावरच पडलं होतं, आणि वरून झिमझिम सुरू झाली होती. एवढं चांगलं फ्लॅनेल भिजतंय... एलुनेडला राहवेना. ती वाकून लाल तुकडे वेचू लागली, तोच मागचं दार उघडलं.

"चोरायचंच तर निदान कोरडं तरी चोरा," इद्वल म्हणाला. "आत या."

ती गोरीमोरी झाली. आई गेल्यापासून तेवी नदीकाठच्या शेतघरांतून फिरून आपण गोधड्या शिवतो, असं तिनं कसंबसं सांगितलं. त्यानं एक गाठोडं बांधून तिच्या हातात दिलं.

मग दर शुक्रवारी गाठोडं तयार असायचं. तुकडे मात्र हळूहळू मोठे होत चालले. एकदा तर अख्ख्या बाहीएवढं कापड निघालं.

"हे उरलेलं?" तिनं विचारलं.

"गिऱ्हाइकाचा हात आखूड होता..." तो कात्रीकडे बघत म्हणाला. कान तांबडे झाले होते.

त्याच सुमारास टेकडीवरच्या कात्रिनबाईंनी तिला मोठी गोधडी शिवायला सांगितली. भाच्याचं लग्न आहे, मधोमध बदामाची नक्षी हवी, म्हणाल्या. एलुनेडनं ती इद्वलच्याच तुकड्यांतून जोडली. टाके घालताना ती उगाचच हसायची.

दोन महिन्यांनी गोधडी पोचवायला गेली, तर टेबलाशी इद्वल चहा पीत बसलेला.

"हाच माझा भाचा," कात्रिनबाई म्हणाल्या.

म्हणजे इतके दिवस ती त्याच्याच लग्नाची... दुसऱ्या कुणासाठी... तिनं गोधडी खुर्चीवर ठेवली, "अभिनंदन," असं पुटपुटली आणि दाराकडे वळली.

"कसलं?" इद्वलनं विचारलं.

"तुमच्या लग्नाचं."

त्याचा कप बशीवर आदळला. "माझं लग्न? आत्या – कुणाशी?"

कात्रिनबाई पावाला लोणी लावत होत्या. "मला काय विचारतोस? नवं कापड कापून हिला चिंध्या म्हणून देतोयस, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. म्हटलं, तुला तोंड फुटेपर्यंत गोधडी तरी होईल." आणि त्या कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेल्या.



"नवं कापड... कापून?" एलुनेडनं दारातून वळून विचारलं.

"पहिलं गाठोडं सोडलं, तर सगळंच." तो उठून उभा राहिला होता. "चिंध्या संपल्या की तू यायची थांबशील, असं वाटायचं."

तू. आजवर तो तिला असं कधी म्हणाला नव्हता. ती समोरच्या बाकावर टेकली.

"संपल्या असत्या तरी आले असते," ती म्हणाली. "काहीतरी कारण काढून..."

"आणि मी विचारलं असतं तर?"

तिनं मान वर केली. "विचारून तर बघ."