बारावी पट्टी

पावणं, मशीन ठेवा खाली. चेनला धार लावायची आणि आतनं साफ करायचं, एवढंच न्हवं? मग बसा. घाई करू नका. शिरोळहून एवढ्या लांब मुरगूडला आलात, म्हणजे तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार की गुंडू मिस्त्री मशीन ठेवून घेतो, पण आतला एकेक स्क्रू बघितल्याशिवाय परत देत नाही. का बघतो, ते ऐका.

मी शाळेची पायरी चढलेला माणूस नाही. हे लाकूड कापायचं मशीन आमच्या भागात शहाण्णव-सत्त्याण्णव साली आलं. त्याआधी दोन माणसं समोरासमोर बसून करवत ओढायची. पहिली मशीनं जड होती. दिवसभर धरलं की रात्री भाकरी मोडता यायची नाही. पण आत सगळा अस्सल माल. दहा-दहा पावसाळे चालली. मी ती उघडून, जोडून, पुन्हा उघडून शिकलो. मग काय झालं, सुट्या मालाची डबी तशीच राहिली, डबीवरचा रंग तसाच राहिला, आणि आतला माल झाला पत्रा. मला अजून संताप येतो बघा.

हा पुढचा दांडा बघा, डाव्या हाताच्या पुढं. मशीन कधी कधी लाकडात अडकून उसळी मारतं आणि थेट तोंडावर येतं. तेव्हा हात ह्या दांड्यावर आपटतो, टक् करून दांडा पुढं पडतो, आणि आतली पोलादी पट्टी चेन फिरवणाऱ्या ड्रमला आवळून धरते. पापणी लवायच्या आत चेन थांबते. पट्टी दोन बोटं रुंद, पण माणूस आणि मरण ह्यांच्यात तेवढीच असते.

आमच्याकडं पिराजी म्हणून एक तोड्या यायचा, राधानगरीच्या वरच्या अंगाचा. पंचवीस वर्षं झाडं तोडत होता, पण एक बोट गेलं नव्हतं. मशीन चालू करायच्या आधी डाव्या हाताच्या मागच्या बाजूनं दांड्याला टिचकी मारायचा, चेन ओढून बघायचा आणि हसायचा.

"मामा, थांब म्हटलं की थांबाय पायजे. पळतंय तर कुत्रं बी."

दोन हजार चारच्या वैशाखात त्याची पट्टी झिजली. मी तेव्हा दादासोंच्या दुकानात कामाला होतो. दादासोंनी नवीन डबी फोडली. डझनभर पट्ट्या. मी एक हातात घेतली, आणि मला ती हलकी लागली. बोटानं वाकवून बघितली तर वाकली.

"मालक, ह्यो माल बराबर न्हाय."

"फिट बसतीय न्हवं?"

"बसतीय, पण…"

"मग बसवा की मामा. तुमी काय इंजिनेर हाय काय?"

मी बसवली. ह्या हातांनी.

अकराव्या दिवशी पिराजी फणसाचं झाड पाडत होता. मशीन उसळलं. हात दांड्यावर बसला, ते बघणाऱ्यांनी बघितलं. पण चेन थांबली नाही.

आणि पंचनाम्यात काय लिहिलं? मयताची हयगय. पंचवीस वर्षं एक बोट न गमावलेल्या माणसाची हयगय! मशीन कुणी उघडूनसुद्धा बघितलं नाही. पिराजीची बायको तानाबाई दुकानात आली, दारातच उभी राहिली.

"गुंडूआण्णा, लोकं म्हंत्यात त्यो पिऊन झाडावर गेलता. त्यानं आयुष्यात थेंब घेतला न्हाय. तुमी मशीन जाणता. तुमीच सांगा, काय झालतं?"

दादासो माझ्याकडं बघत होते. मी खाली मान घालून चेन घासत राहिलो. पावणं, मला दुसऱ्या कुणाहीपेक्षा त्या दिवशीच्या गुंडूचा जास्त राग येतो.

पंचनाम्यानंतर मशीन भंगार म्हणून दुकानात आलं, ते तिथंच राहिलं. मी एकटा असताना उघडलं, तर पट्टीचे दोन तुकडे. ते फडक्यात बांधून फळीवर ठेवले.

आषाढात दादासो म्हणाले, "मामा, ते पिराजीचं मशीन धुऊन रंग मारा. उद्या दुपारी कृष्णात यील इकत घ्यायला."

कृष्णात म्हणजे पिराजीचा धाकटा भाऊ. त्याला ठाऊकच नव्हतं, कुठलं मशीन ते.

"मालक, आत पट्टी न्हाय."

"नसू दे. दांडा टकटक वाजतोय की. आत बघाय कोन येतंय?"

ऐकलंत? थोरला भाऊ ज्या मशीननं गेला, तेच धाकट्याच्या हातात, आणि तेही पट्टीशिवाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच होतो. बाहेर पाऊस असा की समोरचं पिठाच्या गिरणीचं दार दिसेना. लाईट गेलेली. पत्र्यावरचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हतं. मशीन मी रॉकेलनं दोनदा धुतलं होतं, तरी वास येत होता फणसाच्या ओल्या लाकडाचा. गोडसर, चिकट. दुकानात फणसाचा तुकडासुद्धा नव्हता.

तेल फिरतंय का बघायला मी चेन ओढली. हलेना. बघतो तर दांडा पुढं पडलेला. मागं घेतला, चेन सुटली. पाना घ्यायला वळलो आणि पाठीमागं…

टक्.

दांडा पुन्हा पुढं. चेन दगडासारखी घट्ट.

मी झाकण काढलं. आत काहीच नव्हतं. नुसता मोकळा ड्रम, कशातही न अडकलेला. तरी फिरेना. मी त्यावर हात ठेवला. पावणं, लोखंड होतं, पावसाळा होता, आणि ते कोमट लागलं. माणसाचा तळवा लागतो तेवढं कोमट. कुणीतरी मुठीत धरून बसल्यासारखं. मी हात काढला. ओढायची माझी छाती झाली नाही.

तेवढ्यात दादासो कृष्णातला घेऊन आले. मी झाकण तसंच बसवलं. कृष्णातनं दोरी ओढली, इंजिन लागलं, पण चेन जागची हलली नाही.

"मामांचा हात म्हातारा झाला," दादासो हसले. त्यांनी मशीन ओढून घेतलं, दांडा मागं खेचला आणि पूर्ण रेस दिली. इंजिन किंचाळलं. चेन हलली नाही. दांडा त्यांच्या मनगटाला रेटून पुन्हा पुढं आला. झाकणाखालून धूर निघाला, आणि वास आला… तो रबराचा नव्हता, तेलाचाही नव्हता. भाजलेल्या कातड्याचा होता.

दादासोंनी मशीन टाकून दिलं. इंजिन बंद पडलं. कृष्णात हळूच म्हणाला, "मामा… ह्ये पिराजीदादाचं मशीन हाय. मुठीवर त्यानं सुतळी गुंडाळलेली, तिचा वळ हाय बघा."

मग मात्र मी उठलो. झाकण काढून मोकळा ड्रम दाखवला. फळीवरचं फडकं आणून दोन्ही तुकडे त्याच्या हातात दिले.

"कृष्णात, ही पट्टी मी बसवली. हलकी हाय, हे कळून बसवली. डबी ह्यांनी दिली. तुझ्या भावानं हात बराबर मारलाता. त्याची हयगय न्हवती… आमची हुती."

कृष्णात तुकडे मुठीत घट्ट धरून रडला. तसंच भिजत जाऊन मी तानाबाईला सांगितलं. तिनं मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. चौकीत गेलो, तर साहेब म्हणाले, फाईल बंद झाली, आता लिहिता येत नाही. लिहिता येत नाही! मला येत नाही ते ठीक. त्यांना काय झालं होतं?

मी दुकान सोडलं, इथं घरात काम मांडलं आणि ते मशीन घेऊन आलो. मला वाटलं होतं, खरं बोललो, आता दांडा मागं पडेल. नाही पडला.

का, ते आठ दिवसांत कळलं. एकेक माणूस मशीन घेऊन यायला लागला. गारगोटीचा, कागलचा, कापशीचा. सगळ्यांची एकच तक्रार: "मामा, चेन फिरंना." उघडावं तर आत त्याच डबीतली हलकी पट्टी. मी काढायचो, अस्सल बसवायचो, मशीन फिरायचं. असे दहा जण आले. पिराजीची धरून अकरा झाल्या. डबीत होत्या बारा.

ती बारावी पट्टी कुठं गेली, ते दादासोंनाही आठवेना. चार वर्षं झाली. त्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलंय, तेच पिराजीचं मशीन. चार वर्षं दांडा पुढंच होता. रोज सकाळी मी हात लावून बघायचो, ड्रम कोमट असायचा. मला धीर वाटायचा. म्हटलं, ते बारावं मशीन अजून धरून ठेवलंय पिराजीनं.

परवा पहाटे आवाज आला. टक्. उठून बघतो तर दांडा मागं पडलेला. ड्रम गार. चेन बोटानं फिरली. आणि खाली जमिनीवर मूठभर भुसा, ओला, ताजा. फणसाचा भुसा पिवळा असतो. हा तांबडा होता, बाभळीचा. आमच्या ह्या डोंगराकडं बाभूळ कुठली? बाभळी खाली, तुमच्या शिरोळच्या रानात.

हे बघा, तुमच्या मशीनच्या झाकणाचे दोन्ही नट ढिले केलेत. आता उचललं की आतली पट्टी दिसेल. पण त्याआधी मला एक सांगा पावणं, आणि खरं सांगा…

ह्ये मशीन तुमी कुणाकडनं आणलंय? आन् त्यो मानूस… बरा हाय न्हवं?