बत्त्याखालचा नवा पैसा

आमचं दुकान तुळजापुरात, देवळाच्या वाटेवर. खण, नारळ, हळद-कुंकू. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते आणि सगळ्या गावाचाच गोंधळ उडाला होता. एक दिवस एक बाई ओटीचं सामान घ्यायला आल्या, सोबत त्यांचा तरणा मुलगा. मी सुटे परत दिले, तर त्यांनी एक पैसा माझ्यापुढं सरकवला.

"हा बदलून दे पोरी. ओटीत असलं बिघडलेलं नाणं चालत न्हाय."

त्यावरचा छाप एका बाजूला पार घसरला होता. मी ओशाळले. मुलानं मात्र तो पैसा प्रसादासारखा उचलला.

"बिघडलेला न्हाय हा," तो म्हणाला. "टांकसाळीतच छाप सरकलाय. बघा, जेवढी अक्षरं उठलीत तेवढी कशी टोकदार आहेत. मागाहून कुणी ठोकला असता तर ती चेपली असती."

हे सांगताना तो नाण्याकडं कमी आणि माझ्याकडं जास्त बघत होता... की मलाच तसं वाटलं?

तो शिवशरण, हायस्कूलातला नवा मास्तर. असली नाणी आली तर बाजूला ठेवा, असं माझ्या वडिलांना, अप्पांना, सांगून गेला आणि मग दर संध्याकाळी यायला लागला. नाणं बघायचं, मला समजावायचं, गालात हसायचं, निघायचं. येतो तो नाण्यांसाठी की माझ्यासाठी, काही कळेना. विचारणार तरी कसं?

पुढं गल्ल्यात तसलं नाणं सापडेचना. त्यात अप्पांनी अक्कलकोटचं स्थळ जवळपास ठरवलं. पाहुणे सोमवारी येणार होते. दाखवायला नाणं नसलं तर हा येणार कशाला? शेवटी एका दुपारी हळदीचा खलबत्ता पुढं ओढला, एक चांगला पैसा घेतला आणि बत्त्यानं ठोकून काढला.

संध्याकाळी त्यानं तो उलटापालटा करून पाहिला.

"टांकसाळीतलीच चूक," म्हणाला, खिशात टाकला आणि गेला.

मी चक्रावलेच. अक्षरं तर सपाट झाली होती! स्वतः शिकवलेलं हा विसरला? म्हणजे आधीच्या सगळ्या थापाच? की माझं सोंग ओळखून मनात हसत गेला — मला जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन आला. त्या आत अप्पांशी बोलत बसल्या. हा दुकानात उभा. मी रागातच विचारलं, "खरं सांगा मास्तर. तो पैसा ठोकलेला व्हता का न्हाय?"

"ठोकलेलाच. अक्षरांत हळद अडकलीय अजून."

"मग खोटं का बोललात?"

"खरं बोललो असतो, तर लाजून तुम्ही पुन्हा समोर आला नसता..." तो अडखळला. "अन् तुमच्याशिवाय मला करमत न्हाय, तारामती."

माझे कान तापले. तेवढ्यात अप्पांनी आत बोलावलं. अक्कलकोटला नकाराचा निरोप धाडतो, म्हणाले. मी पाटावर बसले. त्याच्या आईनं कुंकू लावलं, ओटीत खण-नारळ घातला, तांदूळ घातले. नाण्यासाठी त्यांनी लेकापुढं हात केला आणि त्यानं दिलेलं नाणं न बघताच वर ठेवलं.

मी बघितलं. चेपलेलं, कडेला पिवळं.

पदर गच्च धरला आणि सासूबाईंच्या पाया पडले.