बिळातला बोळा

उडत्या पक्ष्याचा फोटो दहा वेळा चुकतो, तेव्हा एकदा जमतो. चाकणच्या कंपनीत मी तपासणी विभागात आहे; मापात केसाएवढा फरक मला खपत नाही. पक्षी मात्र माझं ऐकत नाहीत. रविवारी पहाटे कॅमेरा घेऊन थेरगावहून निघालो, की बायको, निवेदिता, म्हणायची, "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागतोस, अवधूत." हातचं म्हणजे ती आणि आमची चार वर्षांची सुखदा.

एप्रिलमध्ये चाकणजवळच्या एका प्लॉटवर, जेसीबीने कापलेल्या मातीच्या दरडीत वेड्या राघूंची बिळं दिसली. मुठीएवढा हिरवागार पक्षी चोचीत चतुर घेऊन यायचा आणि सुळकन बिळात शिरायचा. दोन रविवार माझ्या फोटोत नुसतं शेपूट आलं.

कंपनीतला शेखर म्हणाला, "भावा, बीळ बुजव की. दार बंद दिसलं की तो हवेत थांबतो. सगळे तेच करतात, बोलत कोणी नाही."

लेन्स पुसायला मी सुखदाच्या जुन्या झबल्याचा तुकडा वापरायचो. पिवळा, बदकांच्या नक्षीचा. त्याचाच बोळा करून बिळात कोंबला. पक्षी आला. दारासमोर फडफडत थांबला, धडकला, मागे सरला, पुन्हा आला. चोचीतला चतुर त्याने सोडला नाही. मी शटर दाबून धरलं. एक्केचाळीस फोटो.

शेळ्या चारणारे दत्तोबा पलीकडून बघत होते. "सायेब, आत पिल्लं हायती. जाताना त्यो बोळा काढा."

"काढतो ना, बाबा," मी म्हणालो, आणि स्क्रीनवरचे फोटो बघत बघत गाडीत जाऊन बसलो.

पक्ष्यांचे फोटो टाकतो त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कौतुक झालं. कंपनीने फोटो कॅलेंडरसाठी मागितला. मी चार दिवस हवेत होतो. गुरुवारी लेन्स पुसायला कापड शोधलं, तेव्हा बोळा आठवला. ओव्हरटाइम होता, रस्त्याला ट्रॅफिक होतं. रविवारी जाऊ म्हटलं. खरं सांगायचं तर तिथे जे दिसलं असतं, ते मला बघायचं नव्हतं.

रविवारी बोळा तिथे नव्हता. बीळ ओल्या मातीने लिंपलेलं होतं, हात फिरवल्यासारखं गुळगुळीत. आसपास पाण्याचा थेंब नव्हता. मी काडीने उकरलं. आत मातीच माती.

"आमी न्हाई हात लावला," दत्तोबा म्हणाले. "राघू येतो अजून. बिळाकडं बघत न्हाई. तुमी गाडी लावता, तिकडं बघत बसतो."

घरी येऊन फोटो उघडले. एक्केचाळीसही फोटोंत पक्ष्याचं तोंड बिळाकडे होतं, हे मी शपथेवर सांगतो. आता तो माझ्याकडे बघत होता. चोच रिकामी होती.

मी सगळे फोटो पुसले आणि कॅमेरा कपाटावर टाकला.

पुढच्या रविवारी सकाळी निवेदिता डांगे चौकात भाजीला गेली होती. सुखदा आतल्या खोलीत खेळत होती. मी शिऱ्याची वाटी घेऊन गेलो, तर दार बंद. त्या दाराची कडी मीच काढून टाकली होती, पोरगी आत अडकू नये म्हणून.

"सुखदा, दार उघड."

"बाबा, इथे अंधार आहे."

"खिडकी उघड, बाळा."

"खिडकी नाहीये, बाबा."

मी धडक मारली. मागे सरलो, पुन्हा धडकलो. फटीतून ओल्या मातीचा वास येत होता.

"बाबा, भूक लागली." आवाज लांबून आला, बोगद्याच्या टोकाकडून यावा तसा.

वाटी माझ्या हातातच होती.

मागे, रिकाम्या हॉलमध्ये, शटर वाजू लागलं. सलग. मी वळलो नाही. मोजत होतो.

एक्केचाळीसला ते थांबलं आणि दार उघडलं.

खोलीत ऊन होतं. खिडकी होती. सुखदा नव्हती. समोरच्या भिंतीवर ताटाएवढी ओली माती लिंपलेली होती.

पोलिसांनी भिंत फोडली. पलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर निघालं. दारावर कडीच्या जागी राहिलेल्या भोकात पिवळा बोळा सापडला, बदकांचा. निवेदिताने तो ओळखला. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

कॅमेऱ्यात एक्केचाळीस फोटो आहेत. बंद दारासमोर मी, हातात वाटी. अगदी स्पष्ट आलेत. मला असे कधी जमले नव्हते. एकाही फोटोत माझे पाय जमिनीला टेकलेले नाहीत.