एकशे त्र्याऐंशी

मी एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. एकतीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र चिकटवावं लागलेलं नाही. माझी बायको त्याच छापखान्यात माझ्यासमोर बसून मूळ प्रत मोठ्यानं वाचते, मी प्रूफ बघतो. घरी ती बोलते आणि मी ऐकतो, तेव्हा सराव आहेच.

त्या दिवशी तिचा थोरला भाऊ खोलीत येरझाऱ्या घालत होता. गणिताचा प्राध्यापक. त्यानं एकाच संख्येवर दोनशे बारा पानं लिहिली होती. त्रेचाळीस अंकी, मूळ संख्या, एकही शून्य नाही; उलटी लिहिली तरी मूळच. या माणसानं अकरा वर्षं तिच्यापायी घालवली, लग्नसुद्धा केलं नाही. शेवटचं पान तेवढं राहिलं होतं आणि खाली यंत्र थांबलं होतं.

लांब संख्या तपासायची आमची रीत ठरलेली. दहा-दहा अंकांच्या ओळी पाडायच्या, एकेक अंक वाचायचा, मग बेरीज जुळवायची. ओळींच्या बेरजा आल्या ४४, ४७, ३९, ४१ आणि उरलेल्या तीन अंकांची ११. सगळ्या मूळ प्रतीप्रमाणे.

"एकूण एकशे त्र्याऐंशी," मी म्हणालो.

"ब्याऐंशी," प्राध्यापक जागच्या जागी थांबला. "भाऊजी, नीट बघा. अंकांची बेरीज एकशे त्र्याऐंशी म्हणजे संख्येला तीननं भाग जातो. मग ती मूळ कसली? माझं पुस्तक रद्दीत जाईल!"

मी पुन्हा केली. त्र्याऐंशी. बायकोनं खालून वर केली. त्र्याऐंशी. तुम्ही घरी बसून करून बघा, ब्याऐंशीच येईल. त्या खोलीत येत नव्हती.

प्रूफ मूळ प्रतीवर ठेवून खिडकीच्या काचेला लावलं. अंकावर अंक तंतोतंत बसला. अंक त्रेचाळीसच. प्राध्यापकानं स्वतः बेरीज केली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"त्र्याऐंशी," तो म्हणाला. मला त्याची मनापासून दया आली. एरवी तो माझ्या गणितावर हसतो, पण ते तेव्हा आठवलं नाही.

मग तो भागाकाराला बसला. कागदभर अंक उतरले आणि शेवटी बाकी आली शून्य.

खोलीत गारठा वाटू लागला. पंखा बंदच होता.

बायकोचा संयम अकराच्या सुमारास संपतो, तसा तो संपला. पोरांची भांडणं सोडवताना चढतो त्याच आवाजात तिनं पानाला दरडावलं, "हा वरचा एक ज्याचा असेल त्यानं मुकाट्यानं उचलावा. माझ्या दादाला छळायचं नाही!"

"अगं, कुणाला बोलतेस?"

"अहो, करा परत बेरीज."

केली.

ब्याऐंशी.

तिघांनी तीनदा केली. ब्याऐंशी, ब्याऐंशी, ब्याऐंशी. प्राध्यापक लहान मुलासारखा रडला, बहिणीला मिठी मारली, मलासुद्धा मारली. पुन्हा भागाकार करायची हिंमत मात्र कुणालाच झाली नाही. वाचणारी, बघणारा आणि लेखक, तिघांनी सह्या ठोकल्या आणि मी पान खाली पाठवलं.

पाच मिनिटांत यंत्रवाला पान घेऊन वर आला.

"नोंदीत नावं लिहायची असतात. तिघांची लिहिली. ही चौथी सही कुणाची, लागत नाही."

सही होती. वळण सुरेख, माझ्यापेक्षा कितीतरी बरं. शाई अजून ओली होती.

"आम्ही तिघंच आहोत," मी म्हणालो.

"असाल. सह्या चार आहेत. जास्त चालतात, कमी चालत नाहीत. पान चढवतो."

तो गेला. खाली यंत्र सुरू झालं. पुस्तक रद्दीतून वाचलं होतं, पण प्राध्यापक हसला नाही. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मोजलं कुणीच नाही.

माझ्या बायकोला कुणी ताटकळत उभं राहिलेलं बघवत नाही. तिनं कोपऱ्यातलं स्टूल पुढे सरकवलं.

स्टूल करकरलं.