तांब्याची पट्टी

दुपारचे साडेतीन झाले असतील. दौलतराव मेश्रामांनी थैलीत नट कसायचे दोन पाने, पॉलिश पेपरचा तुकडा, थोड्या चिंध्या आणि जुना मल्टिमीटर टाकला, आणि सेक्टर दोनमधून सायकल काढून ते मरोद्याकडे निघाले. काम अर्ध्या तासाचं होतं. तलावाच्या काठी ठेवलेल्या एका शिडाच्या नावेची अर्थिंग तपासून द्यायची, बस.

सुनिताबाईंचा फोन सकाळीच आला होता.

"जय भीम, भाऊजी. पायल रायपूरहून आली. बापाची नाव पाण्यात टाकतो म्हणते. मी नाही म्हटलं तर ऐकते थोडी! म्हटलं, आधी दौलत भाऊजीले दाखव. त्यांनी हो म्हटलं तरच जा."

दौलतराव बरं म्हणाले. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार होते?

नाव सुनिताबाईंच्या नवऱ्याची, नरेश गजभियेची होती. नरेश प्लांटमध्ये रिगर होता, म्हणजे दोरखंड आणि कप्प्यांनी अवजड लोखंड उचलणारा माणूस. दौलतराव त्याच खात्यात इलेक्ट्रिशियन. चौतीस वर्षं एका डब्यातलं जेवण, आणि रिटायरही एकाच साली. मग नरेश घरच्यांसोबत विशाखापट्टणमला फिरायला गेला, समुद्रात शिडाच्या छोट्या नावा पाहून आला आणि त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. दोन वर्षं घराच्या मागं प्लायवूड कापत बसला. शेजारीपाजारी म्हणायचे, "मासोळी पकडता येत नाही अन् जहाज बांधून राहिला!" नरेश हसायचा आणि रंधा चालवत राहायचा.

दौलतरावांनी मात्र एक अट घातली होती. "अठरा फुटाचा अल्युमिनियमचा पाइप घेऊन मोकळ्या पाण्यात बसशील, तर गाज तुलेच धुंडत येईन." छत्तीसगडात विजेला गाज म्हणतात, आणि दरवर्षी ती शेतातली दोनचार माणसं नेते. म्हणून त्यांनी डोलकाठीच्या टोकापासून तांब्याची पट्टी खाली आणली, पुढच्या फळीतून एक जाड बोल्ट आरपार घालून ती खालच्या पट्टीला जोडली, आणि ती खालची पट्टी नावेच्या बुडाला, पाण्याखाली राहणाऱ्या तांब्याच्या पत्र्याला. गाज पडलीच तर काठीवरून पट्टीत, पट्टीतून पाण्यात. माणूस बाजूला बसून राहील.

गेल्या वर्षीच्या आश्विनात, एका शनिवारी, दौलतराव एकटेच पुढच्या फळीला निळा रंग द्यायला गेले. रंग पट्टीखालीही नीट बसावा म्हणून त्यांनी बोल्टावरचा नट काढला आणि पट्टीचं टोक वर वाकवून ठेवलं. प्लांटमध्ये अर्थिंग उघडली की तिथं आपल्या नावाची लाल चिठ्ठी लटकवायची, आणि ज्याची चिठ्ठी त्यानंच काढायची. हा नेम त्यांनी चौतीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. पण इथं चिठ्ठी कशाला? चार फळ्यांची नाव. उद्या सकाळी रंग वाळला की जोडून टाकू. नरेशला त्यांनी सांगितलंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी पाहुणे आले. मटण झालं. दुपारी डोळा लागला. रविवारी दुपारी नरेश नाव घेऊन तलावात असायचा. आभाळ गडगडलं तेव्हा जाग आली, आणि अंथरुणातून उठायच्या आधीच त्यांना तो मोकळा बोल्ट दिसला.

लोकांना एवढंच ठाऊक होतं, की दौलतराव धावत पोचले तोवर सगळं संपलं होतं.

मागच्या आठवड्यात नरेशचं वर्षाचं पुण्यानुमोदन झालं. आपल्यात पिंड नाही, कावळा नाही. मेलेल्याला काही देऊन मोकळं होता येत नाही. नुसतं बसायचं, त्रिशरण-पंचशील म्हणायचं. सगळे एका सुरात म्हणत होते. चौथं शील आलं, 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलणार नाही. दौलतरावांचे ओठ हलले. आवाज निघाला नाही.

पायल तलावाकाठच्या टिनाच्या छपराखाली उभी होती. नाव चाकांच्या गाड्यावर, डोलकाठी उभी केलेली, शीड गुंडाळून बांधलेलं.

"या काका, जय भीम! मले वाटलं तुम्ही झोपून गेले असान."

दौलतरावांनी सायकलचं स्टँड लावायला उगाच वेळ घेतला.

"म्हातारा झालो म्हणून दिवसभर झोपतो का मी?"

"मजाक केला ना! पप्पा काय म्हणायचे माहीत आहे? दौलत की अर्थिंग, मतलब आँख मूँद के भरोसा."

दौलतराव थैली घेऊन नावेशी गेले. हवा थांबली होती. पाणी तेलासारखं पडून होतं. रसमडा गावाच्या बाजूला आभाळात एक काळी रेघ होती, बोटभर जाडीची.

त्यांनी मीटर काढला. वाट सलग असली की तो टीं करून वाजतो, तुटलेली असली की गप्प. एक वायर डोलकाठीच्या बुंध्याजवळ पट्टीला, दुसरी बुडाच्या पत्र्याला.

मीटर गप्प.

"काय झालं? बोलून नाही राहिला तुमचा मीटर?"

"सेल गेला असन."

दोन्ही वायरी एकमेकींना लावल्या. टीं. सेल शाबूत होता. मग त्यांनी तुकड्या-तुकड्यानं पाहिलं. डोलकाठीपासून नटापर्यंत, टीं. फळीखालून पत्र्यापर्यंत, टीं. फक्त बोल्टाच्या वर आणि खाली वायर लावली की काही नाही. नट तर घट्ट होता. त्यांनी स्वतःच कसलेला. पट्टी त्याच्याखाली चपटी बसलेली डोळ्यांना दिसत होती.

तांब्यावर हिरवा गंज चढला असेल, त्यांनी मनाला सांगितलं. उघडून घासायला हवं. कोणीही इलेक्ट्रिशियन तेच करील. पण त्यांनी पाना नटाला लावला आणि फिरवलाच नाही. तीनदा लावला, तीनदा काढला.

आणि वास येत होता. ताज्या रंगाचा. एक वर्ष या नावेला कोणी कुंचला लावला नव्हता. त्यांनी फळीवर बोट टेकवलं. बोट चिकटलं. उचललं तेव्हा टोकावर निळा रंग होता.

"पायल... तू रंग मारला का इथं?"

"मी कधी मारू? सकाळीच तर आली."

त्यांनी बोट चिंधीला पुसलं. पुन्हा पुसलं. मीटरच्या वायरी गोळा करायला घेतल्या, तेव्हा एकीची उघडी पिन डाव्या हाताच्या चिमटीत होती आणि दुसरीची उजव्या. माणसाच्या अंगातून मीटर कधी वाजत नाही. हे पोरासोरांना शिकवून त्यांचं आयुष्य गेलं होतं.

टीं...

त्यांनी हात उघडले. वायरी खाली पडल्या. आवाज थांबला. बोल्टातून वाट नव्हती. वाट त्यांच्यातून होती, डाव्या हातातून छातीत आणि छातीतून उजव्या हातात. जशी ती त्या दिवशी नरेशमधून गेली होती.

"पोरी, नाव नको काढू," ते म्हणाले. "पट्टी सडली आहे. बदलावी लागन. मग कधीतरी."

एवढ्यावर भागलं असतं. त्यांना वाटलं, भागेल.

पायल शिडाची गाठ सोडत होती. "राहू द्या काका. पट्टीचं काही नाही. मी चक्कर मारून येतो, ढग अजून दूर आहेत."

"अरे, पट्टीशिवाय जाशील?"

"पट्टी होती ना त्या दिवशी? सगळ्यांनी पाहिली, कसलेली होती. तरी पप्पा गेले ना? मग काय फायदा त्या पट्टीचा? तुमाले तर मम्मीच्या समाधानासाठी बोलावलं." ती हसली; पण हसणं बापासारखं पूर्ण झालं नाही. "बुरा मत मानो काका. तुमची काही गलती नाही. गाजच्या पुढं कोणाचं चालते?"

तिनं गाड्याला धक्का दिला. चाकं पाण्याकडे हलली.

दूर गडगडलं. रेघ आता हातभर झाली होती, आणि तिच्या पोटात उजेड लुकलुकत होता. दौलतरावांनी गाड्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"कसलेली नव्हती."

"काय?"

"पट्टी. कसलेली नव्हती, पायल. मी खोलून ठेवली होती. शनिवारी. रंग मारायले. तुझ्या बापाले सांगितलं नाही मी."

पायल वळली.

"पण सगळ्यांनी..."

"त्यांनी पाहिलं ते नंतर." शब्द एकेक करून बाहेर येत होते, गाळातून पाय काढल्यासारखे. "मी आलो तेव्हा नाव काठाले लागली होती. तुझा बाप पुढं आडवा पडला होता. अन् मी... मी त्याच्याजवळ नाही गेलो. आधी नट कसला."

"आधी?"

"सबस्टेशनच्या भिंतीवर तक्ता राहते. करंट लागला तर काय करा. छाती कशी दाबा, श्वास कसा द्या. चौतीस वर्षं रोज पाहिला मी तो तक्ता. मले सगळं येत होतं, पोरी... अन् मी नट कसत होतो. मग हाका मारल्या."

डॉक्टर म्हणाले होते, गाज पडताक्षणीच गेला, जागच्या जागी. त्या एका वाक्याच्या आधारानं दौलतराव वर्षभर जेवले होते, झोपले होते. आता ते वाक्य सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांना ते सांगवलं नाही.

पायलनं गाडा मागं ओढला, छपराच्या आत, आणि थैलीतला एक पाना उचलला.

"मम्मीले तुम्ही सांगसान. मी नाही सांगणार."

"हो."

"आजच."

"आजच सांगतो."

"मी आज जात नाही. पण ही आज नीट करून ठेवायची. माझ्यासमोर."

ती फळीवर गुडघे टेकून बसली आणि तिनं जोर लावून नट काढला; तेव्हा बोल्ट जागचा हलला नाही. पट्टीचं टोक पॉलिश पेपरनं घासलं, लालबुंद होईपर्यंत. बापासारखी दातांत जीभ धरून. मग पट्टी बसवून नट पुन्हा चढवला आणि पाना फिरवू लागली. नट फिरला. आता त्याच्यासोबत बोल्टही फिरला. गरगर, नुसता जागच्या जागी.

"हे पाहा. भोकाच्या बाजूचं लाकूड पूर्ण जळालं आहे. बोल्टाले पकडच नाही." तिनं काळा भुगा बोटावर घेतला. "हे गाजनंच जळालं ना?"

"हो. पट्टी खुली होती, म्हणून तिथंच भडकली."

"मग असा नाही कसणार. अंदरून कोणाले तरी बोल्टाचं डोकं पकडावं लागन." ती थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली. "काका... त्या दिवशी तुम्ही एकटेच होते ना?"

दौलतरावांना आठवलं. वर्षभर रोज आठवत होतं त्यातलंच, पण हा एवढा तुकडा कधी उजेडात आला नव्हता. त्यांच्या हाताखाली बोल्ट सैल डुलत होता. काळा भुगा पडत होता. आणि मग तो एकदम स्थिर झाला होता, नट तीन फेऱ्यांत गच्च बसला होता. तेव्हा विचार करायला सवड कुठं होती? नरेश पालथा होता. त्याचा उजवा हात फळीखालच्या पेटीत, खांद्यापर्यंत आत गेलेला...

"काका?"

"एकटाच होतो," ते म्हणाले.

"बरं. मग आता तुम्ही पकडा. मी वरून कसतो."

फळीखालची पेटी दोर ठेवायची होती, तोंड लहान, आत दिवसाही अंधार. दौलतराव गुडघ्यांवर बसले, दुसरा पाना घेतला, आणि डोकं व खांदा आत घातला. आत ताज्या रंगाचा वास इतका दाट होता की डोळ्यांना पाणी आलं. हवा गार होती. छपरावर पावसाचे थेंब पडू लागले होते, पण आत तो आवाज येत नव्हता. आत कसलाच आवाज नव्हता.

ते डाव्या हातानं चाचपू लागले. लाकूड... पट्टीची कड... बोल्ट अजून वीतभर पुढं असावा. पाना त्यांच्या छातीशीच अडकला होता, कोपर वळत नव्हतं. थांब जरा, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"हां, धरलं," वरून पायलचा आवाज आला. "आता नाही फिरत."

नट कसल्याची करकर. एक फेरी. दोन. तीन.

दौलतराव हलले नाहीत. हात जिथं होता तिथंच ठेवला. पुढं सरकवला नाही, मागंही घेतला नाही.

वर मीटर वाजला. टीं... स्वच्छ, सलग.

"झालं काका! वाट मिळाली. सोडा आता."

त्यांनी डाव्या हाताची मूठ मिटली; ती रिकामी होती.

पाना एकदा खडखडला. पायल वरून ओढत होती, बोल्ट उलटा फिरवून पकड पाहत होती. तो तसूभर हलत नव्हता.

"सोडा ना, काका..." तिचा आवाज जरा खाली आला. "अजून काहून धरून ठेवलं?"